कास्टर व्हायचंय, पण चॅटमधल्या कमेंटचं काय करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू नागपुरात नंदनवनला राहतोस, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. कॉलेजच्या फेस्टमध्ये बीजीएमआय (पबजी मोबाइलचं भारतीय रूप) आणि व्हॅलोरंट या बंदुकीच्या व्हिडिओ गेमच्या सामन्यांची कॉमेंट्री केलीस. ते यूट्यूबवर लाइव्ह गेलं आणि चॅटमध्ये ‘नुसता ओरडतो’, ‘गेम समजतो का याला’, ‘किती गावठी’, ‘म्यूट करून बघतोय’ असं येत राहिलं. एकाशी तर तू चालू सामन्यातच चॅटवर भांडलास. आता विचारतोयस की ताई, हे काम नीट शिकायचं कसं, आणि लोकांच्या बोलण्यातलं घ्यायचं किती, सोडायचं किती. रेकॉर्डिंगची लिंक दिलीस हे फार बरं केलंस. मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, चॅट रिप्लेसकट. त्यामुळे हवेतलं बोलत नाही, तुझ्याच कामावर बोलते.

आधी काम, मग लोक. कास्टरचं, म्हणजे गेमच्या सामन्यांची कॉमेंट्री करणाऱ्याचं काम नेमकं काय, हे स्वतःशी पक्कं नसलं की चॅटमधली प्रत्येक ओळ खरी वाटते आणि माणूस प्रत्येक ओळीसरशी बदलत जातो. काम पक्कं असलं की तीच ओळ तपासून पाहता येते.

आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं धावतं वर्णन करायचे, तेव्हा ऐकणाऱ्यासमोर मैदान नसायचं. चेंडू कुठे टाकला, कुठे गेला, कोण धावलं, सगळं आवाजातून उभं करावं लागायचं. तुझ्या प्रेक्षकासमोर स्क्रीन आहे. तरी तुझ्या बीजीएमआयच्या सामन्यात पहिली बरीच मिनिटं तू हेच सांगतोस: ‘हा घरात गेला, यानं बंदूक उचलली, आता गाडीत बसला.’ हे त्याला दिसतंय. त्याला दिसत नाही ते वेगळं: ही गाडी आत्ताच का काढली, झोन, म्हणजे आकसत जाणारा सुरक्षित भाग, कोणत्या बाजूला सरकतोय, मॅपवरच्या पोचिंकी गावातून निघालेल्या या स्क्वॉडच्या (चौघांच्या संघाच्या) वाटेत अजून कोण बसलंय, आणि इथे हे बाद झाले तर पॉइंट टेबलवर कोणाचं फावेल. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढचं आणि मागचं सांगणं, हे आपलं काम. दिसतं तेच पुन्हा सांगितलं की आवाज वाढतो, माहिती वाढत नाही, आणि प्रेक्षक म्यूटचं बटण शोधतो.

तुझ्या व्हॅलोरंटच्या फायनलमधला एक राउंड घेते, कारण त्यात सगळंच सापडतं. हल्ला करणारे १२-११ ने पुढे. स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लागलेला. बचावात एकटा उरलेला, समोर दोघं. या राउंडमध्ये तू ‘ओ भाई’ आणि ‘काय चाललंय हे’ याखेरीज जवळजवळ काही बोलला नाहीस, आणि तेही सुरुवातीपासून टिपेच्या आवाजात. आता त्याच राउंडचं घड्याळ बघ. स्पाइक लागल्यापासून ४५ सेकंदांत फुटतो. तो निकामी करायला, म्हणजे डिफ्यूजला, ७ सेकंद लागतात. साडेतीन सेकंदांचं निम्मं काम एकदा झालं की ते टिकतं, उठून पुन्हा बसलास तर तिथून पुढे सुरू होतं. स्पाइकला नुसता हात लावला तरी आवाज होतो, म्हणून एकटा उरलेला खेळाडू खोटा हात लावून समोरच्याला बाहेर काढतो. तुझ्या सामन्यातल्या त्या मुलानं तेच केलं! खेळणाऱ्यांपैकी ज्यांच्या लक्षात आलं ते चॅटमध्ये नाचले, बाकीच्यांना फक्त गोंधळ दिसला.

हाच राउंड असा बोलता आला असता. आधी सपाट आवाजात: ‘पंचवीस सेकंद उरली. डिफ्यूजला सात लागतात. दोघं उभे असताना बसता येणार नाही, एकाला तरी बाहेर काढावं लागेल.’ मग गप्प. खरोखर गप्प, तीन-चार सेकंद, गेमचा आवाज ऐकू दे. ‘हात लावला... सोडला, फसवतोय त्यांना... आला बाहेर, गेला!’ इथे आवाज एक पायरी वर. ‘एक उरला, बारा सेकंद.’ पुन्हा खाली. ‘बसला. आता उठला तर संपलं. निम्मं झालं...’ आणि शेवटचं वाक्य पोटातून, पूर्ण ताकदीनं. गेम कधीच न खेळलेली तुझी आईसुद्धा त्या बारा सेकंदांत श्वास रोखेल, कारण सात हा आकडा तू तिच्या हातात आधीच ठेवलास. घड्याळ आधी द्यायचं, उत्साह नंतर. तू उत्साह आधी दिलास, आणि घड्याळ दिलंच नाहीस.

बीजीएमआयची गोष्ट निराळी आहे. तिथे १६ स्क्वॉड, ६४ खेळाडू, एरांगेल हा आठ बाय आठ किलोमीटरचा मॅप, आणि सुरुवातीला बराच वेळ फारसं काही घडत नाही. नवे कास्टर नेमके इथे घाबरतात आणि शब्दांनी खड्डा भरायला लागतात. खरं तर हीच तुझी शिकवणीची वेळ. आत्ताच्या पद्धतीत पहिल्या क्रमांकाला १० गुण, मग ६, ५, ४, ३, २, आणि सातव्या-आठव्याला एकेक. शिवाय प्रत्येक किलला १. शेवटच्या सामन्याआधी तुझ्या टेबलवर पहिला संघ दुसऱ्यापेक्षा ८ गुणांनी पुढे होता. म्हणजे पहिला लवकर शून्यावर बाद झाला, तर दुसऱ्याला चौथा क्रमांक आणि पाच किल पुरतात. हे गणित कागदावर असतं आणि सुरुवातीची लूट (शस्त्रं-सामान गोळा करणं) चालू असताना तू ते शांतपणे सांगितलं असतंस, तर त्या संघाचा प्रत्येक नॉक (खाली पाडलेला खेळाडू) प्रेक्षकानं मोजला असता. प्रत्यक्षात तो संघ सहा किल घेऊन चौथा आला, चषक त्यांच्याकडे गेला आणि तुला ते स्कोअरकार्ड स्क्रीनवर आल्यावर कळलं. ‘गेम समजतो का याला’ ही कमेंट तिथलीच आहे. मी वेळ जुळवून पाहिली.

तयारी म्हणजे आणखी काय, तर नावं. गेममधली नावं कशीही असतात: आकडे, उलटी अक्षरं, मधेच चिन्हं. सामन्याआधी खेळाडूंच्या रूममध्ये जा आणि प्रत्येकाला विचार, ‘तुला काय हाक मारू?’ ते देवनागरीत लिहून काढ. संघानुसार कागद कर; त्यावर कोण आत घुसतो, कोण लांबून मारतो, डावाची हाक कोण देतो एवढं असू दे. स्क्रिम, म्हणजे संघांचे सरावसामने, बघायला मिळाले तर बघ. ऑब्झर्व्हर कोण आहे, म्हणजे कॅमेरा कोण फिरवतोय, त्याच्याशी आधी बोल. तू दक्षिणेकडच्या फाइटबद्दल बोलतोयस आणि त्यानं कॅमेरा मॅपच्या दुसऱ्या टोकाला जॉर्जोपोलला नेला, असं तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये वारंवार होतं. नियम सोपा आहे: कॅमेरा गेला की वाक्य अर्धं सोडून त्याच्यामागे जायचं. तुझं वाक्य कितीही सुंदर असो, प्रेक्षकाचा डोळा तिकडे गेलेला असतो.

कुठे शिकायचं, याचं माझं उत्तर तुला कदाचित विचित्र वाटेल. कबड्डीच्या मैदानावर जा. नागपुरात मंडळांच्या स्पर्धा होत असतात, खासदार क्रीडा महोत्सवात सामने असतात, आणि माइकवर बोलायला माणूस नेहमीच कमी असतो. एक चढाई ३० सेकंदांची. समोर सहा किंवा सात जण असतील तरच बोनस. तीन किंवा त्याहून कमी असताना पकड झाली तर सुपर टॅकल. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला एक पूर्ण गोष्ट: मांडणी, ताण, निकाल. आणि समोर खुर्च्यांवर, भिंतीवर, स्कूटरवर बसलेली माणसं, ज्यांना कंटाळा आला की ती सरळ पाठ फिरवून चहाला जातात. हे शिक्षण कुठल्याही ऑनलाइन कोर्समध्ये मिळत नाही. घरी सरावाला जुने सामने म्यूट करून त्यांवर बोल, रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. ताबडतोब ऐकू नकोस. बोलताना डोक्यात काय होतं ते आठवत असतं, त्यामुळे न बोललेलंही ऐकू येतं.

तुझ्या आवाजाबद्दलही थोडं सांगते. मागे कूलर चालू आहे, तो स्पष्ट ऐकू येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना कूलर बंद कर म्हणणं सोपं नाही, मला माहीत आहे. कंडेन्सर माइक खोलीतला सगळा आवाज ओढतो. त्याऐवजी साधा डायनॅमिक माइक घे, तोंडापासून चार बोटांवर ठेव, कूलरचं तोंड माइकच्या पाठीमागे येईल असं बस, आणि ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज सप्रेशनचा फिल्टर लाव. सामन्याआधी तर्री पोहे किंवा सावजी नको. जळजळ घशात आली की आवाज फाटतो. पाणी घोट घोट, सामना सुरू व्हायच्या आधीपासून. जोडीदार असेल तर आधी ठरवा, घडतंय ते कोण बोलणार आणि का घडतंय ते कोण. फाइट सुरू झाली की विश्लेषण करणाऱ्यानं जागा सोडायची, संपली की दुसऱ्यानं थांबायचं. तुमच्या जोडीत दोघंही फाइटवर तुटून पडत होतात.

आता चॅट.

सामना चालू असताना चॅट वाचायचं नाही. स्क्रीनवर ठेवायचंसुद्धा नाही. एका मित्राला बाजूला बसव, प्रेक्षकांचा चांगला प्रश्न आला तर त्यानं चिठ्ठीवर लिहून द्यावा. चालू सामन्यात भांडलास तेव्हा दोन मोठ्या फाइट तुझ्या तोंडून निसटल्या, आणि ज्या प्रेक्षकाला त्या भांडणाशी काहीच देणंघेणं नव्हतं त्याचं नुकसान झालं.

सामन्यानंतर त्याच रात्रीही वाचू नकोस. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग लाव, चॅट रिप्ले बाजूला उघडा ठेव, आणि प्रत्येक टीका कोणत्या मिनिटाला आली ते कागदावर लिही. इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेव. लाइव्ह स्ट्रीम प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोचते, मग तो टाइप करतो, मग ते दिसतं. म्हणून कमेंट जिथे दिसते तिथलं कारण नसतं. साधारण वीस-तीस सेकंद मागे जा. खेळाडूंनी समोरच्यांचा डाव स्ट्रीमवर चोरून बघू नये म्हणून फेस्टवाल्यांनी आणखी डिले लावला असेल आणि तुम्ही आधीचं चित्र पाहून बोलत असाल, तर तो हिशेबही आधीच विचारून घे.

आता ‘नुसता ओरडतो’ घे. ही कमेंट वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या सामन्यांत आली, म्हणून ती मी गंभीरपणे घेतली. कागदावर वेळा मांडल्यावर मला अपेक्षा होती की त्या फाइटच्या वेळच्या असतील. नव्हत्या. त्यातल्या बऱ्याच अशा ठिकाणच्या निघाल्या जिथे कॅमेरा नुसत्या पळणाऱ्या गाडीवर होता. काहीच घडत नव्हतं, तरी तुझा आवाज चढलेला. पुढच्याच क्षणी कॅमेरा गवतात पालथ्या पडलेल्या खेळाडूवर गेला की तुझा आवाज आपोआप खाली. म्हणजे तू प्रसंगावर बोलत नव्हतास, इंजिनाच्या आवाजावर बोलत होतास. तुझ्या हेडसेटमध्ये गेमचा आवाज फार मोठा आणि तुझा स्वतःचा आवाज फार लहान होता, म्हणून तू त्याच्यावर मात करायला बघत होतास, तुझ्या नकळत. यावर औषध हेडफोनचं बटण आहे: कानातला गेम कमी कर, स्वतःचा आवाज थोडा वाढव. तू मात्र मला लिहिलंयस, ‘ताई, पुढच्या वेळी शांतपणे बोलू का?’ तसं केलं असतंस तर फाइटमध्येही मेलेल्या आवाजात बोलला असतास आणि चॅटमध्ये ‘झोपला का’ आलं असतं.

प्रेक्षक पेशंटसारखा असतो. कुठे दुखतंय हे तो अगदी बरोबर सांगतो, गोळी मात्र चुकीची मागतो. म्हणून दुखतंय म्हणाला की विश्वास ठेव, आणि कारण स्वतः शोध. ‘हळू बोल’, ‘जास्त बोल’, ‘दुसऱ्याला घ्या’ हे सगळे त्याचे उपाय आहेत. ते मनावर घेऊ नकोस. त्यानं सांगितलेली जागा मात्र कधी सोडू नकोस.

‘गेम समजतो का याला’ ही बहुतेक वेळा एका चुकीवर आलेली कमेंट असते. पॉइंट टेबलचं वर सांगितलंच. दुसऱ्या ठिकाणी तू नॉक करणाऱ्याचं नाव चुकीचं घेतलंस, किल फीडमध्ये, म्हणजे कोणी कोणाला पाडलं त्या स्क्रीनवरच्या यादीत, खरं नाव दिसत होतं, आणि तू ते तसंच ठेवून पुढे गेलास. चूक होणारच, सेकंदाला दहा गोष्टी घडतात. ‘नाही, तो दुसऱ्या स्क्वॉडचा होता’ एवढं त्याच दमात म्हणायचं आणि पुढे जायचं. माफी मागत बसायचं नाही. सुधारलेली चूक लोक विसरतात. न सुधारलेली चॅटमध्ये सामना संपेपर्यंत फिरते.

‘पक्षपाती’ हा आरोप तुझ्यावर अजून आलेला नाही, पण येईल. हरणाऱ्या संघाचे चाहते तो करतातच, तरी तो सरसकट टाकून देऊ नये. स्वतःचं रेकॉर्डिंग या कानानं ऐक: एका संघानं राउंड जिंकला की तू ‘काय खेळले!’ म्हणतोस आणि दुसऱ्यानं जिंकला की ‘समोरच्यांनी चूक केली’ म्हणतोस का? फार जण असं बोलतात आणि त्यांना ते कळत नाही. तू आपल्याच कॉलेजच्या पोरांवर बोलत होतास, त्यामुळे तुझ्याकडे ही खोट थोडी आहेच. सवय लाव: निकाल काहीही असो, जिंकणाऱ्यानं काय बरोबर केलं ते आधी सांगायचं. हरणाऱ्याची चूक नंतर, आणि ती का झाली यासकट.

‘गावठी’बद्दल तू सर्वांत जास्त दुखावलेला दिसतोस, म्हणून सविस्तर लिहिते. तुझ्या बोलण्यात ‘फाइट घेऊन राहिले’, ‘काहून थांबला हा’ असं येतं. यायलाच पाहिजे, तू इथला आहेस. कोल्हापूरच्या माणसाला ते कळतं, ठाण्याच्यालाही कळतं. मी ती जागा ऐकली. अर्थ कुठेही अडत नाही. बोलण्याच्या ढंगावर हसणाऱ्याला तुझ्याकडून काही शिकायचं नसतं आणि तुलाही त्याच्याकडून. तो ढंग काढून टाकून पुस्तकी मराठी बोलायला गेलास तर डोकं शब्द शोधण्यात अडकेल आणि फाइट निघून जाईल. उलट, लोकांना आवडतो म्हणून तो मुद्दाम जास्त लावूही नकोस. ओढूनताणून आणलेलं लगेच कळतं. पण त्याच कमेंटच्या आसपास एक वेगळी गोष्ट मला ऐकू आली. वेग वाढला की तू वाक्याचं शेवटचं क्रियापद गिळतोस. ‘तो वरून खाली...’ आला की पडला? मराठीत अर्थ शेवटी असतो, तो गेला तर सगळं गेलं. चॅटवाल्याला बहुधा हेच खटकलं आणि त्याच्या तोंडी जो शब्द आला तो त्यानं लिहिला. ढंग ठेव, क्रियापद पूर्ण कर. रोज पाच मिनिटं पेपरमधली क्रीडा-बातमी भरभर मोठ्यानं वाच, शेवटचा शब्द ठणठणीत.

‘म्यूट करून बघतोय’ यातून काही मिळत नाही. त्यापेक्षा न बोलता निघून गेलेले महत्त्वाचे. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे गळाले त्याचा आलेख मिळतो. फेस्टच्या मुलांकडून तो मागून घे. तुझ्या सामन्यात तो कुठे घसरतो ते बघ आणि तिथे तू काय बोलत होतास ते ऐक. माझा अंदाज आहे की तो पहिल्या लुटीच्या वेळी घसरेल. घसरणीचं कारण दरवेळी तूच असशील असं नाही. ब्रेक लांबला, गेम पुन्हा सुरू करावा लागला, अशीही कारणं असतात. ती वेगळी काढ.

स्तुतीलाही हीच शिस्त लाव. ‘भारी भाऊ’ म्हणणाऱ्या मित्राला विचार, ‘कुठे भारी?’ जागा सांगता आली तर लिहून ठेव. आणि क्लिपच्या मागे लागू नकोस. एखादी किंचाळी रीलवर चालली की पोरं प्रत्येक राउंड त्या किंचाळीसाठी बोलायला लागतात. गेल्या काही वर्षांत मी चांगले आवाज याच वाटेनं वाया गेलेले पाहिले, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

एका वेळी एकच गोष्ट सुधारायची. पुढच्या स्पर्धेत फक्त हेडफोन आणि आवाजाच्या पायऱ्या. त्याच्या पुढच्या स्पर्धेत नावं आणि गणित. सगळं एकदम धरलंस तर बोलताना स्वतःवरच लक्ष राहील, खेळावर नाही. आणि सल्ला विचारायचा तर खेळाडूंना विचार. ‘तुमचा डाव मी बरोबर सांगितला का?’ हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून ते मोकळेपणी सांगतात. त्यांची स्वतःच्या संघाबद्दलची माया वजा करून घे.

शिवीगाळ मात्र यात मोजायची नाही. मी बाई म्हणून माइकवर बसते तेव्हा काय काय लिहिलं जातं ते इथे देत नाही. ‘कातडी जाड कर’ असा सल्ला मला मिळाला होता. मी तो कोणालाही देत नाही. कातडी जाड झाली की खरी टीकाही आत शिरत नाही. त्यापेक्षा ते तुझ्यापर्यंत पोचूच नये अशी व्यवस्था कर. स्लो मोड (एकाला दोन मेसेजमध्ये थांबायला लावणारी सेटिंग) लाव, संशयास्पद मेसेज तपासणीसाठी रोखून धरणारी सेटिंग चालू कर, दोन भरवशाचे मॉडरेटर बसव. ब्लॉक केलेल्या शब्दांच्या यादीत मराठी-हिंदी शिव्या देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत घाल, अक्षरं बदलून लिहिलेल्या रूपांसकट. नुसत्या इंग्रजी यादीचा आपल्या चॅटवर काही उपयोग होत नाही. तुमच्या पुढच्या फेस्टला एखादी मुलगी कास्टिंग करणार असेल तर ही तयारी आयोजकांनी आधी करावी, तिनं तक्रार केल्यावर नव्हे. धमकी आली, फोटोत छेडछाड झाली, घरचा पत्ता टाकला, तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवायची आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा शहर सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायची. कमेंट डिलीट करण्याआधी पुरावा घ्यायला विसरू नका.

बाबा म्हणतात हे काही काम नाही, असंही तू लिहिलंयस. त्यांच्याशी वाद घालू नकोस, माहिती दे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ईस्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमचा स्पर्धात्मक खेळ, प्रदर्शनीय प्रकार म्हणून होता, तिथे भारताच्या तीर्थ मेहतानं हार्थस्टोन या गेममध्ये कांस्य घेतलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊला तो पदकाचा खेळ झाला. पण त्यांची काळजी खोटी नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय आलं, २०२२ च्या जुलैत तेही स्टोअरवरून गेलं, आणि परतायला २०२३ चा मे उजाडला. त्या मधल्या काळात एकाच गेमवर जगणारे कास्टर रिकामे बसले. म्हणून डिग्री सोडू नकोस, आणि निदान दोन गेम नीट शीक. व्हॅलोरंट आणि बीजीएमआय ही जोडी चांगली आहे, कारण एकात घड्याळ शिकतोस आणि दुसऱ्यात नकाशा.

लहान स्पर्धांत एक धोका आहे, तो आत्ताच सांगते. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपची जाहिरात मधल्या ब्रेकमध्ये वाच, असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हण. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ईस्पोर्ट्सला वेगळं स्थान दिलंय आणि पैशांच्या खेळांवर बंदी घातलीय. त्यांच्या जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मानधन कितीही गोड वाटलं तरी वाचणारा आवाज तुझा असतो.

नागपूर सोडायची घाई करू नकोस. घरून कास्टिंग होतं. त्यासाठी वायरचं इंटरनेट, राउटरला इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिम तयार, आणि टॉकबॅकवर प्रोड्यूसरचं बोलणं कानात चालू असताना न अडखळता बोलायचा सराव लागतो. हा शेवटचा सराव घरी असा कर: तू बोलत असताना बहिणीला फोनवर कानात आकडे सांगायला लाव, आणि राउंड संपल्यावर तिनं शेवटचा आकडा कोणता सांगितला ते तुला सांगता आलं पाहिजे.

प्रोड्यूसरला नमुना पाठवशील तेव्हा सर्वांत मोठ्या आवाजाची क्लिप पाठवू नकोस, त्यांच्याकडे तशा ढिगानं येतात. दोन-तीन मिनिटांचा, न कापलेला तुकडा पाठव, ज्यात पहिला दीड मिनिट काहीच घडत नाही आणि मग एक फाइट होते. सोबत गेमचं नाव, सामन्याची तारीख, तू कोणती भूमिका केलीस, जोडीदार कोण होता, एवढं लिही. पुढच्या फेस्टचं रेकॉर्डिंग झालं की आधी तू स्वतः वेळा लिहून काढ, मग मला लिंक आणि तो कागद दोन्ही पाठव. मी कागद आधी वाचेन.